तांबडा ठिपका

बंदरावरच्या फळ्यावर मी आजचा नकाशा लावत होतो. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग पाहून मासळी कुठे असेल ते आम्ही ऑफिसात ताडतो आणि तिथे तांबडा ठिपका देतो. मागे म्हातारे महादू तांडेल येऊन उभे राहिले. ओल्या बोटाने त्यांनी ठिपका दाबला.

"जागा बरोबर हाय. माझा बाप हितंच जायचा. पन कुनाला सांगायचा नाय."

"का?"

"सांगितली की संपते, साहेब."

बोटाखालची शाई फुटून पसरली. नकाशा अचूक यावा म्हणून मी इतकी वर्षं डोळे फोडले. महादूंच्या बापाने नुसतं गप्प राहून ती जागा राखली होती. फार थकल्यासारखं झालं. मागे एकेका होडीचं इंजिन सुरू होत होतं.