इस्त्री केलेली भाजीवाली

मनाली केसरीनाथ तरे हिची व माझी ओळख पूर्णा गावच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. ती शिकविणारी आणि मी शिकणारी. वर्ग तिच्याच घराच्या पडवीत भरत असे. दिवसा ती जवळच्या वडपे गावातील एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवी. पडवीच्या कोपऱ्यात तिचा संगणक होता. त्यामुळे तिचा छंद आम्हां सर्व बायकांच्या देखतच चाले.

आमच्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर मांडावयाच्या मातीच्या मावळ्यांना, गवळणींना व वाघांना आम्ही ‘चित्रे’ म्हणतो. मनाली अशी बोटभर चित्रे वर्षभर रंगवी. सन २००७ मध्ये तिने ऑर्कुट या संकेतस्थळावर या छंदाच्या माणसांचा समूह जमविला आणि दर महिन्याला स्पर्धा सुरू केली. चित्र रंगवावे, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो पाठवावा, आणि दुसऱ्याच्या चित्रातील काय आवडले ते लिहावे. बक्षीस नव्हते.

तिचे वडील विचारीत, “बक्षीस न्हाय, त मंग शर्यत कशाची गो?”

“मजेची, बाबा.”

“मजेला नियम कशाला लागतान?”

एकदा तिने विषय दिला : भाजीवाली. नियमात लिहिले, “भाजीवालीचे बोटभर चित्र रंगवा.” सर्वांनी मातीच्या भाजीवाल्या पाठविल्या. गोंदियाचे शैलेश बिसेन समूहात नवीन होते. त्यांनी कागदावर काढलेली भाजीवाली पाठविली. नाणे मात्र शेजारी व्यवस्थित ठेवले होते.

खाली लोकांनी लिहिलेले मनाली आम्हांस वाचून दाखवू लागली.

“बिसेनभाऊ, भाजीवालीला इस्त्री केली काय?”

“वारा सुटला तर बाई उडून जाईल हो!”

आम्ही पोट धरून हसलो. मनालीही हसली. मग तिने पुढचे वाचले आणि तिचा आवाज उतरला. बिसेन यांनी लिहिले होते, “आमच्याकडे चित्र म्हणजे कागदावरचंच राहते. तुम्ही हसा. मी चाललो.”

“आजी,” ती मला म्हणाली, “शब्द माझा आणि हसं त्यांचं. माणूस दुखावून गेला तर ही स्पर्धा मैत्रीची कसली?”

तिने सर्वांसमक्ष माफी मागितली. चित्र या शब्दाचा आपल्या गावचा अर्थ तिने समजावून सांगितला आणि कागदी भाजीवालीही स्पर्धेत धरली. थट्टा करणाऱ्यांनीही माफी मागितली. बिसेन यांचे उत्तर आले नाही. पुढील कित्येक दिवस पडवीत येताच मी प्रथम तेच विचारी, आणि ती ‘अजून नाही’ म्हणे.

शेवटी तिने आपल्याच नियमाप्रमाणे त्यांच्या चित्राखाली लिहिले, “टोपलीतल्या वांग्यांवर तुम्ही जो उजेड पाडला आहे, तसा मला मातीवर कधीच जमला नाही.”

त्याच संध्याकाळी उत्तर आले. “ताई, ते वांगे नाहीत. कांदे आहेत.”

मनाली इतकी हसली की केसरीनाथ आतून धावत आले. “काय झाला गो? बक्षीस लागला काय?”

“लागलं, बाबा!” असे म्हणून तिने लगेच टंकलिखित केले व आम्हांस वाचून दाखविले : “बिसेनभाऊ, जाऊ नका. आणि पुढच्या स्पर्धेचे नियम तुम्हीच लिहून द्या.”