सूर्यमंडळातला कुलकर्णी

जर्मनीत राहून आलेली आम्ही काही म्हातारी मंडळी पुण्यात अधूनमधून जमतो. पहिल्या चहाला बर्फाचे किस्से निघतात, दुसऱ्याला बटाट्यांचे. किस्से काय, न बोलावता गोळा होतात! माझ्या वाट्याला मात्र एक अख्खा धर्म आला होता, तोही घरमालकिणीच्या दिवाणखान्यात.

म्युनिकजवळच्या गार्चिंगला तेव्हा सगळी शेतंच होती. नवी अणुभट्टी झाली होती आणि संशोधनासाठी आम्ही तिघे तिथे येऊन पडलो होतो: मी, सांगलीचा कुलकर्णी आणि नागपूरचा कांबळे. खोल्या मिळाल्या फ्राऊ एडर नावाच्या विधवा बाईंकडे. बाई वाईट नव्हत्या, ताप आला की सूप आणून द्यायच्या. पण दर रविवारी त्यांच्याकडे एका पंथाची बैठक भरायची. पंथाचं जर्मन नाव मालगाडीएवढं लांब, म्हणून आम्ही त्याला सूर्यमंडळ म्हणायचो.

मंडळाचे गुरू हेर लांगे, म्हणजे आपल्याकडचे लांगेसाहेब, रिटायर्ड शाळामास्तर. त्यांची शिकवण अशी की गोरी माणसं ही सूर्याची लेकरं आणि बाकीची चिखलाची. युद्ध हरल्यावर हे राजकारण म्हणून बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून आता ते धर्म म्हणून बोलत. म्हणणं तेच, मेणबत्त्या तेवढ्या नव्या. खरं सांगतो, मला आधी भीती वाटायची. हसू नंतर यायचं.

*

नोव्हेंबरात बव्हेरियात सूर्य दिसत नाही. तरी ही मंडळी मफलर गुंडाळून, शिंकत शिंकत, धुक्याकडे तोंड करून सूर्याची गाणी म्हणायची.

खिडकीतून बघता बघता कांबळे म्हणाला, "कमाल आहे! सूर्य यांचा, आणि ऊन लागलं आम्हाला!"

*

मंडळाचे दिवस फिरले ते कुलकर्णीच्या आंघोळीमुळे.

घरात बंब पेटायचा फक्त शनिवारी. आठवडाभराची आंघोळ एकदाच, त्यामुळे कुलकर्णी आठवडाभराचे मंत्रही एकदाच म्हणायचा, खड्या आवाजात. एका शनिवारी हेर लांगे फ्राऊ एडरकडे आले होते. ते जिन्यात थबकले. बाथरूमचं दार उघडलं आणि पंचा नेसलेल्या कुलकर्णीसमोर त्यांनी हॅट काढली.

"मूळ आर्यांची वाणी!" ते म्हणाले.

पुढच्या रविवारपासून कुलकर्णी बैठकीला जाऊ लागला. गर्दी वाढली. हिमालयातला आर्य बघायला लांबलांबच्या गावांहून लोक यायला लागले. दिवाणखाना पुरेना, म्हणून आमच्या खोल्यांतल्या खुर्च्या खाली गेल्या. सांगलीहून हिमालय कुठल्या गच्चीवरून दिसतो, ते कुलकर्णीने कुणालाच सांगितलं नाही.

मी त्याला विचारलं, "अरे, ते आपल्याला चिखलाचे म्हणतात, कळतंय ना तुला?"

तो म्हणाला, "छे रे! ते इतरांबद्दल आहे."

*

मंत्रांचा साठा काही अखंड पुरणारा नव्हता. एका रविवारी तो संपला. कुलकर्णीने डोळे मिटले आणि सरळ औटकी सुरू केली! साडेतीनचा पाढा, शाळेत छड्या खाऊन पाठ केलेला.

पुढच्या रांगेतले एक आजोबा ढसाढसा रडले.

*

हा पंथ बुडाला कसा, ते इथेच सांगून टाकतो, कारण त्यात मजा नाही. लोकांना वाटतं, पोलीस आले असतील. कोणी आलं नाही. पुढे एका रविवारपासून कुलकर्णीने जाणं बंद केलं, तसे लांबचे लोक यायचे थांबले. जवळच्यांनी मोटारी घेतल्या आणि रविवारी ते तळ्यावर जाऊ लागले. आमच्या खुर्च्या एकेक करून वर आल्या. शेवटी लांगे एकट्या फ्राऊ एडरना प्रवचन द्यायचे आणि बाई विणकाम करत ऐकायच्या. मग तेही बहिणीकडे राहायला गेले. इतकं विष, आणि ते मोटारींपुढे फिकं पडलं! मन बदलून कोणी गेलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

*

पण कुलकर्णीने जाणं का बंद केलं, ते राहिलंच. मंडळ ऐन भरात असतानाची गोष्ट आहे.

एका संध्याकाळी लांगे आमच्या स्वयंपाकघरात आले. त्यांनी कुलकर्णीला विचारलं, "तुमच्याकडे हजारो वर्षं रक्त शुद्ध ठेवलं म्हणतात. कसं जमलं हो?"

कुलकर्णी खुलला. गोत्र, सोयरीक, कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, सगळं त्याने उत्साहाने सांगितलं. लांगे प्रत्येक वाक्याला "गेनाऊ! गेनाऊ!", म्हणजे "अगदी बरोबर!", करत होते. मग त्यांनी बटाटे सोलत बसलेल्या कांबळेकडे बोट केलं. "आणि हे?"

कुलकर्णी चहाचं आधण बघायला वळला. कांबळेची सुरी थांबली नाही.

"मी?" तो म्हणाला. "ज्याच्यापासून जपून ठेवलं, तो मी!"

दुसऱ्या दिवशी फ्राऊ एडर खाली मान घालून कांबळेला म्हणाल्या की महिनाअखेर खोली सोडा. पूजेच्या घरात तो नको, असं गुरूंचं म्हणणं होतं. बॉम्बनी पडलेल्या म्युनिकमध्ये तेव्हा जर्मनांनाच घरं मिळत नव्हती. पत्ता नाही तर राहायचा परवाना नाही, परवाना नाही तर पीएचडी अर्धी टाकून नागपूर.

*

त्या रविवारी, त्याच्या शेवटच्या बैठकीला, कुलकर्णी कांबळेच्या दारात उभा राहिला. "चल माझ्याबरोबर. लांगे माझं ऐकतात."

मीही मागे गेलो. दिवाणखाना गच्च भरला होता. कुलकर्णीने सगळ्यांसमोर खोलीचं काढलं. लांगे उदार हसले. "तुमच्या शब्दाखातर राहू दे त्याला. आता मंत्र म्हणा."

तेवढ्यात कॉफी आली. सगळ्यांना सोनेरी काठाचे कप, कुलकर्णीला निळा पत्र्याचा मग. त्या मगाचं कौतुक आम्ही बरंच ऐकलं होतं. "माझ्यासाठी वेगळा ठेवलाय, मानाचा!" असं तो सांगायचा. फ्राऊ एडरनी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावरून तसाच दुसरा मग आत घेतला, पुसला आणि कांबळेपुढे ठेवला.

कुलकर्णी दोन्ही मगांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

कांबळे बाकावर थोडा सरकला. "या कुलकर्णी, बसा," तो मराठीत म्हणाला. "माझ्या आजीने हा मग लांबूनच ओळखला असता."

सगळे मंत्राची वाट बघत होते. कुलकर्णीचं तोंड उघडेना. लांगेंच्या कपाळावर आठी आली. खोली आता जाणार, असं मला वाटलं.

मग कुलकर्णीने हात जोडले आणि सुरू केलं. वेद नव्हे, औटकीही नव्हे. दीक्षा घेतल्यापासून कांबळे रोज सकाळी जी बुद्धवंदना म्हणायचा, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालेली, ती! एक शब्द चुकला नाही.

दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी डोळे मिटले होते. लांगेंनी रुमाल काढला. "शुद्ध!" ते म्हणाले. "इतकं शुद्ध मी आजवर ऐकलं नव्हतं!" फ्राऊ एडरनी कांबळेकडे बघून मान हलवली. खोली राहिली.

कांबळे मगावर वाकला होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मला दिसलं नाही. मान वर न करता तो म्हणाला,

"म्हण रे कुलकर्ण्या, परत एकदा म्हण!"