दसऱ्यानंतर हरवलेली गाणी

दसऱ्याला आमच्या अकोल्याच्या कॉलेजात सर्व्हरचीही पूजा झाली. त्याआधी कोणीतरी आतल्या डिस्कच्या केबल काढून धूळ पुसली आणि जमेल तशा परत लावल्या. दुसऱ्या दिवशी सगळा साठा गायब. कपाशीची पऱ्हाटी निंदताना बाया म्हणायच्या ती गाणी मी गावोगाव फिरून त्यात जमवली होती, आणि तेव्हाच ती म्हणणारी गावं गप्प होत चालली होती.

अमरावतीहून सर्व्हर दुरुस्त करणारा एक माणूस आला. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, म्हणून तो बोटांनीच बोलायचा. अगदीच बोलायचं झालं तर बाहेर जाऊन थुंकून यायचा.

डिस्क परक्या आहेत, पुसून नव्या करू का, असं मशीन विचारत होतं. मी हो म्हणणार तोच त्यानं माझं मनगट धरलं. मग बाहेर जाऊन आला.

"घरच्याच हायेत. जागा बदलली म्हनून मशीन ओळखून नाई राहिलं. पुसाले काहून निघाले?"

त्यानं केबल जागच्या जागी लावल्या, परक्या डिस्क आत घ्यायला सांगितलं, आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. मी पहिलंच गाणं लावलं. रिद्धपूरची, आता हयात नसलेली म्हातारी खणखणीत आवाजात विचारत होती, "मशीन चालू हाय का, बापू?"

या वेळी तो उठला नाही. खर्रा गालात तसाच ठेवून म्हणाला, "चालू हाय, माय. म्हन."