दांडग्याची टाकी

कोंडीरामचं तोंड वाईट, हे डिलाईल रोडवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या तोंडाखाली रोज दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत उभं राहायचं म्हणजे काय, ते फक्त त्याच्या सुनेला ठाऊक होतं. सुनेचं नाव नम्रता. नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाईच केली, असं आता वाटतं.

नवरा हर्षवर्धन जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेचसे महिने बाहेर. घरी राहिला सासरा आणि चाळीच्या तळमजल्यावरचा त्याचा शोभेच्या माशांचा गाळा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं : दिवाळीपर्यंत सून धंदा शिकली तर किल्ली तिची, नाहीतर पुतण्या वसंतची. नम्रताला ती किल्ली हवी होती. त्या घरात तिचं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

शिकायचं मुख्य काम म्हणजे माशांना कोरड्या दाण्यावर आणणं. नवे एंजल मासे येत ते जिवंत किड्यांवर वाढलेले. दाणा टाकला तर तो बुडेपर्यंत नुसते बघत राहत. मग दाणा खाणारा एखादा जुना मासा त्यांच्यात सोडायचा. त्याचं बघून धीट असतात ते लगेच शिकतात. बुजऱ्यांचं तसं नसतं. शेजारी दांडगे असले, तर ते कोपऱ्यात उपाशी मरतील पण पुढे यायचे नाहीत. त्यांना शांत सोबत द्यावी लागते. हे कोंडीरामला तोंडपाठ. गिऱ्हाइकाला तो सुनवायचा, "अहो, ढ नाय तो, बुजरा हाय. दांडग्यांत टाकून काय शिकणार, कप्पाळ?"

आणि त्याच दमात मागे वळून, "ए नम्रता, हाताला लकवा भरलाय का गं?"

गिऱ्हाईक हसायचं. नम्रताच्या जाळीतून मासा लादीवर पडायचा आणि म्हाताऱ्याला आणखी चेव यायचा. दुपारी तो जेवून कलंडला की हीच बाई अख्खी टाकी एकही मासा न दुखावता रिकामी करायची.

"म्हाताऱ्यासमोरच कशी गं येडी होतेस तू?" समोर भाजी विकणारी जाईबाई विचारायची.

एकदा नम्रताने धीर केला. "आबा, मासा बुजला तर तुम्ही त्याची टाकी बदलता. मग माझ्यावरच का ओरडता?"

"मासा मी पैसे मोजून आणलाय," कोंडीराम म्हणाला. "तुला हर्ष घेऊन आला."

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो तिने नीट सांभाळून ठेवला.

गणपतीनंतर म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, असा दम भरला. तो घरात अडकला आणि दुकान नम्रताच्या हाती आलं.

टाकीत एखादा मासा फारच माजला, की त्याला काही दिवस बाहेर काढतात आणि मागे दगड, झाडं सगळी हलवून टाकतात. परत येतो तेव्हा आपली हद्द कुठली ते त्यालाच कळत नाही. पाहुण्यासारखा कडेकडेने फिरतो. नम्रताने दुकानाचं तेच केलं. टाक्या फिरवल्या, गल्ला उजवीकडे नेला, म्हाताऱ्याचं स्टूल माळ्यावर टाकलं. बुजरे एंजल वेगळे काढून त्यांच्यात एक गरीब स्वभावाचा जुना मासा सोडला. आठवड्याभरात सगळे दाण्यावर आले. तिच्या जाळीतूनही एकदाही मासा लादीवर पडला नाही.

कोंडीराम काळा चष्मा लावून परत आला आणि दारातच थांबला. जाळीसाठी हात सवयीने डावीकडे गेला, तर तिथे भिंत. एवढी वर्षं मासे हाताळलेला माणूस. त्याला लगेच कळलं.

"मला बाहेर काढलंस व्हय गं?"

"तुमचंच बघून शिकले."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आपण अजून मालक आहोत हे दाखवायला म्हाताऱ्याने जाळी शोधून काढली, टाकीत घातली. नवी टाकी, नवी उंची. हात काचेवर आपटला, पाणी अंगावर आलं. मासे घाबरून खाली दडले.

"सरका, आबा!" नम्रता सगळ्यांसमोर कडाडली. "डोळे गेले, आता अक्कलपण गेली काय? घाबरवलेत ना सगळे!"

गिऱ्हाईक हसलं. नम्रताला ते फार गोड वाटलं. कोंडीरामने ओल्या हाताने कमरेची किल्ली सोडली, गल्ल्यावर ठेवली आणि चाळीचा जिना चढायला लागला.

समोरून जाईबाई सगळं बघत होती. "धंदा शिकलीस बाई," ती म्हणाली. "आणि तोंडपण त्याचंच."

ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं, हे नम्रताला कळलं. पण वाटलं नाही. तिने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि गिऱ्हाइकाला विचारलं, किती मासे देऊ म्हणून.