मी रुमालाला पडदा म्हणाले

शेळ्यांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे हजार, अर्धं बोट म्हणजे पाचशे. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. वडवणीच्या बाजारात हे मी बावीस वर्षं बघते आहे. बघतेच आहे, कारण माझा हात त्या रुमालाखाली कधी गेला नाही.

पोरींचे अब्बा गेले तेव्हा दावणीला दोन शेळ्या होत्या. आज बीडचे खाटीक माझ्याकडून माल उचलतात. जबडा उघडला की वय सांगते. चार दातीला दोन दाती म्हणून कोणी माझ्या गळ्यात मारून दाखवावी. पण सौद्याची वेळ आली की मी बाजूला. शेतकरी म्हणतात, "परक्या बाईचा हात कसा धरावा?" आमचे म्हणतात, "गैरमर्दाच्या हातात हात? तोबा करा." एरवी या दोघांचं कशावरही एकमत होत नाही. माझ्या हातावर झालं.

म्हणून माझ्या वतीने माझा दीर हात घालतो. शेळी मी निवडायची, भाव मी सांगायचा, बोटं त्याने दाबायची. मी आठ सांगितलेली शेळी नेहमी साडेआठला बसते, आणि वरचे पाचशे कोणाच्या खिशात जातात ते त्या रुमालालाच ठाऊक. बोलले की म्हणतो, "भाबी, भरोसा नै क्या?" भरवसा नाहीच. पण तसं म्हटलं तर पुढच्या बाजारी हात कोण घालणार?

या रुमालाला मी थट्टेने पडदा म्हणायची. दोन मिशाळ बाप्ये कापडाखाली हात घालून उभे दिसले की ओरडायची, "बघा, बसले पडद्यात. यांच्यापेक्षा आमच्या बायका परवडल्या." बाजार हसायचा. तेलगावची एक शेतकरीण दर आठवड्याला शेळ्या घेऊन येते, ती तर पदर तोंडाशी धरून हसायची. तिचा सौदा तिचा नवरा करायचा, आणि घरी जाईपर्यंत तोही आकडा विसरायचा.

आम्ही दोघींनी मिळून बाजार समितीला अर्ज दिला. भाव उघड, तोंडाने बोलावेत. अकरा बायकांच्या सह्या आणि अंगठे जमवले, सात त्यांच्यातल्या, चार आमच्यातल्या. सचिव म्हणाले, बैठकीत ठेवतो. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवून घेतला याचंच मला नवल वाटलं.

त्याच सुमारास मोबाईलवर बातम्या चालवणारा एक माणूस बाजारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात माईक.

"मावशी, तुमच्या अर्जाची बातमी करू."

सौद्यात मी आधी शब्द देत नाही. त्या दिवशी दिला.

"बुरखा नाही का तुमच्याकडं?" त्याने विचारलं.

"हाय की. लग्नाला घालते, बीडला जाताना घालते. बुरखा घालून काय लेंड्या झाडू?"

"तसं नाही. लोकांना जरा ओळखू आलं असतं."

"मी उभी हाय ना समोर. आणखी काय ओळखायचंय?"

त्याने माईक धरला. दहा पावलांवर दिराचाच सौदा चालू होता. तिकडे बोट करून मी भडाभडा बोलले, "हा पडदा आधी काढा. या पडद्याआड बाईचा गळा कापतात. मला माझ्या तोंडानं बोलू द्या." भोवतीचे हसले, कारण त्यांना मी काय म्हणते ते ठाऊक होतं. रुमाल हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही.

संध्याकाळी धाकट्या पोरीने फोन पुढे केला. "मुस्लिम महिलेचा टाहो : हा पडदा काढा." वर माझा चेहरा नव्हता. काळ्या कापडातले कुठल्या तरी भलत्याच बाईचे डोळे होते, पाण्याने भरलेले. आवाज तेवढा माझा. शेळ्या नाहीत, बाजार नाही, अर्ज नाही. पडदा काढा म्हणणाऱ्या बाईलाच त्यांनी नखशिखांत झाकून टाकलं होतं. खाली कोणी मला शूर म्हणत होतं, कोणी लिहिलं होतं की यांच्यात बायकांना जनावरासारखं वागवतात. "अशी हिंमत प्रत्येकीने दाखवावी," असं लिहिणारा तर माझ्या ओळखीचा निघाला. परक्या बाईचा हात कसा धरावा, असं मला बाजारात विचारणारा तोच.

दुसऱ्या दिवशी दीर जमातीच्या दोन बुजुर्गांना घेऊन आला.

"भाबी, ये क्या बोल दिए तुमने?"

"रुमालाला बोलले. तू तिथंच होतास. तुझाच हात होता त्याच्या खाली."

त्याने बुजुर्गांकडे पाहिलं. "वो बात अलग है," म्हणाला. "रुमाल उसमें दिखता कहाँ है?"

हे मात्र खरं होतं. बुजुर्गांनी तोडगा काढला. मी दुसरा व्हिडिओ करायचा. आम्ही पडद्यात खूश आहोत, आमच्यावर कोणाची जबरदस्ती नाही. दीर मान डोलवत होता. मी ओरडले असते, पण शेजारच्या खिडकीतूनही कोणी तरी फोन धरला असता.

मी त्या बातमीवाल्याला फोन लावला. "माझा रुमाल कुठंय रे त्यात?"

"मावशी, रुमाल कोण बघतं? तुम्ही हे सांगा, घरचे धमक्या देतायत का? देत असतील तर लगेच येतो."

देतायत म्हणाले तर उद्या माझ्याच आवाजाने आमच्या सगळ्या मोहल्ल्याला झोडपणार. नाही म्हणाले तर दीर धुतल्या तांदळासारखा सुटणार. आयुष्यभर मी घासाघीस केली, पण असा बाजार कधी पाहिला नव्हता. दोन्ही गिऱ्हाइकं घाई करत होती आणि दोघांनाही माझ्याकडे नसलेलाच माल हवा होता. मी फोन ठेवला. कुठलाच व्हिडिओ केला नाही.

समितीत गेले तर सचिव कागद चाळत म्हणाले, "बाई, आता हा धर्माचा विषय झाला. समिती त्यात पडत न्हाई."

"अर्ज शेळ्यांचा हाय."

"पण पहिली सही तुमचीच हाय ना?"

बाहेर तेलगावची शेतकरीण उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपा, माझा अंगठा काढता यील का? मालक म्हणतेत, त्यांच्या भानगडीत तू कावून पडली." आठवड्याभरात सातही अंगठे मागे गेले. आमच्यातल्या तिघी तर त्याआधीच घरात बसवल्या गेल्या होत्या.

पुढच्या बाजारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दोन दाती शेळी आणली. माझ्याकडे दोनच शेळ्या होत्या तेव्हापासून तो मला ओळखतो. मी स्वतःचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याचा हात उठला, अर्ध्यापर्यंत आलाही. तेवढ्यात आजूबाजूला तीन फोन वर झाले. त्याने ते पाहिले आणि हात बंडीच्या खिशात घातला.

"आज नगं, बाई. उगं मलाबी कशात तरी घालतेल."

दीर शेजारीच होता. त्याचा रुमाल झटकून तयार होता. मी माझा घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाले, "आठ."

कापड हललं, थांबलं, पुन्हा हललं. फोन खाली गेले. यात कोणाला काही बघायचं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"साडेआठ, भाबी."

शेळी मी दाव्याला बांधली. शेळी चांगली होती. ती मीच निवडली होती.