संदेशच्या गाडीची चाकं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

संदेश माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान. कांदिवलीत आमच्याच सोसायटीत राहतो. आमच्या घरात गाडीचं काहीही असलं की सगळे मला विचारायचे. आणि मला ते आवडायचं. मग संदेशने गाडी घेतली, तीही माझ्या गाडीपेक्षा नवी. गणपतीला नेहमी माझ्यासोबत गावी येणारी काकी — त्याची आई — सगळ्यांना सांगत सुटली, "यंदा झिलाच्या गाडयेन जातलंय." जळफळाट झाला माझा. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच.

त्यात त्याला मित्राने आपल्या गाडीची अलॉय चाकं दिली. चकचकीत. "दादा, माझ्या गाडीला बसतील ना रे?"

पार्किंगमध्ये आम्ही त्याचं एक चाक काढलं. चाकामागच्या भागावर वर्तमानपत्र दाबून मी ग्रीसचा ठसा घेतला आणि तो अलॉयवर धरला. बोल्ट बरोबर जुळले. अलॉयचं मधलं भोक मात्र — किंचित मोठं होतं. त्या फटीत रिंग घालावी लागते, नाहीतर चाक नीट मधोमध बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. मला हे पक्कं माहीत होतं. संदेश माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कागद चुरगाळला आणि म्हटलं, "झकास बसतील."

त्या गाडीत काकी बसणार, हे ठाऊक असूनही.

हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. परत आल्यावर त्याने बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, शेवटी मलाच विचारलं. मी म्हटलं, "चाकं ठीक आहेत रे, तुझाच हात बसायचाय अजून." मग घरातले सगळेच तसं म्हणायला लागले. काकीने "कोणाची तरी नजर लागली गाडयेक" म्हणत गाडीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या — आणि ताट कुणी धरलं होतं? मी. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो.

त्याने गाडी विकून टाकली.

यंदा संदेश आणि काकी माझ्या गाडीतून गावी आले. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी किल्ली पुढे केली. "चालवतोस थोडी?"

"नको रे दादा. मला नाही जमत ते. भीती वाटते."

"तूच चालव रे बाबा," काकी मला म्हणाली.

आणि ते ऐकून — खरं सांगतो — मला बरं वाटलं.