मॅडम माणसं तपासत नव्हत्या

आमच्या खात्यात काही फेकून देत नव्हते. कोणाचं हृदय, कोणाचं फुफ्फुस, सारं औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीत! किस्सेही तसेच साचले. यंदा माझ्याच फुफ्फुसाचा तुकडा तपासाले गेला. कॅन्सर हाय का नाई, ते आमच्या मॅडम सांगणार होत्या. घरात बसून करता काय? जुनं आठवत बसलो.

मॅडम अकोल्याच्या एका मेडिकल कॉलेजात प्रोफेसर. घर अमरावतीले, जीव हृदय-फुफ्फुसात. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहून रोगाचं नाव सांगत. मी त्यायचा अटेंडंट. चौथी नापास, पण कोणती बरणी कुठं, ते मलेच ठाऊक!

*

तुकडा मेणात बसवला का त्याले आमी 'ब्लॉक' म्हणतो. बार्शीटाकळीचा एक गडी बापाचा रिपोर्ट घ्याले आला. मी म्हटलं, "तीन ब्लॉक झाले, दोन बाकी हायेत."

तो मटकन खालीच बसला!

"काल तर डॉक्टर म्हणे, हृदयात एकच ब्लॉक हाय! इथं आणून पाच केले काहून बे तुमी?"

*

मॅडमच्या नातेवाइकायले वाटे, ह्या हृदयाच्या डॉक्टर. एकदा दीर लॅबमध्येच आला. "वहिनी, छातीत धडधड होऊन राहिली."

मॅडमनं मायक्रोस्कोपातून डोकं काढलं नाई.

"भाऊजी, तुकडा आणा. मग सांगते."

धडधड तिथंच थांबली!

*

पोरायले शिकवताना मॅडमनं एक काळंकुट्ट फुफ्फुस वर धरलं. "असं कोणाचं होतं?"

मी मागं खोकलत उभा. एक पोरगी पटकन म्हणे, "नामदेवकाकांचं!"

"त्यांचं अजून वापरात आहे," मॅडम म्हणाल्या.

मी त्या दिवशी बिडी सोडली. दुसऱ्या दिवशी धरली.

*

आता माझ्या तुकड्याचं. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन, "काका, येऊन जा." संगं बायको निघाली. ऑटोत दोघंही चूप. आमच्यात असं होत नाई.

लॅबमध्ये पाह्यतो तर दहा-बारा पोरं माझ्या तुकड्याभोवती! साध्या रोगासाठी मॅडम पोरं गोळा करत नसत.

"मॅडम, काय ते सांगून टाका."

"कॅन्सर नाही, काका. डाळ आहे."

"काय?"

"डाळीचा कण. घास चुकून श्वासनळीत गेला, फुफ्फुसात जाऊन बसला अन् त्याच्याभोवती गाठ झाली. जेवताना बोलता का?"

"बोलत नाई," मी म्हटलं. "भांडतो."

पोरं खाली मान घालून हसून राहिली. बायकोनं पदरानं डोळे पुसले, पुढं सरकली, मायक्रोस्कोपाकडं बोट केलं.

"मॅडम, याच्यात दिसते का हो, कोणत्या भांडणातली हाय?"